कागदाच्या लगद्याचं छत : टिनाच्या खोलीसाठी केलेला सहा महिन्यांचा प्रयोग

मानेवाड्याकडे आमचं घर आहे. खाली पक्कं बांधकाम आणि वर दहा बाय बाराची टिनाची खोली. त्या खोलीत नऊ वर्षांपासून माझा शिवणक्लास चालतो. क्लासचा खरा हंगाम एप्रिल-मे, कारण मुलींना सुट्या तेव्हाच लागतात. आणि नागपुरात टिनाखाली बसण्याचे सगळ्यात वाईट महिनेही तेच. कूलर लावला तरी वारा अंगाला लागतो, डोक्यावरचं टिन मात्र तव्यासारखं तापत राहतं. मे 2024 मध्ये ब्लाउजचं कटिंग करता करता एका मुलीला भोवळ आली. तिला खाली आणून गुळाचं पाणी दिलं, ती सावरली. पण त्या दिवसापासून मी क्लास सकाळी सात ते दहावर आणला. दुपारची बॅच बंद झाली.

टिन काढून पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) टाकायचे 46,000 रुपये सांगितले. पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग 22,000 मध्ये होत होतं, पण पातळ पट्ट्यांनी किती फरक पडेल हे कोणी सांगेना. दिवाळीत भाचा आला होता, तो सिव्हिलला शिकतो. त्याने पेपरक्रीटचं नाव काढलं. रद्दी कागदाचा लगदा, त्यात सिमेंट, वाटल्यास राख किंवा रेती. वाळल्यावर कागदाच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती हवाच ऊन अडवते. थोड्या दिवसांनी मी वहीत पाच आकडे लिहून घेतले. स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण 0.026, थर्माकोलची 0.035, पाण्याची 0.6, विटेची 0.7 ते 0.8, काँक्रीटच्या स्लॅबची दीडच्या वर. एकक वॅट प्रति मीटर-केल्विन. आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी जाते. त्यातल्या पाण्याच्या आकड्याकडे मी तेव्हा पाहिलंच नाही. पुढचे सहा महिने तोच मला शिकवत राहिला.

8 डिसेंबरला पहिला घाणा केला. रद्दी 14 रुपये किलोने आणली. वर्तमानपत्रं आणि चकचकीत मासिकं दोन्ही एकत्र भिजवली. तीन दिवसांनी वर्तमानपत्र बोटांनी कुस्करत होतं, मासिकांची पानं मात्र तशीच घसरडी. त्या कागदावर मातीचा लेप असतो. तंतू कमी आणि माती जास्त. तेव्हापासून मी फक्त वर्तमानपत्रं, जुन्या वह्या आणि माझ्याच क्लासमधले पेपर पॅटर्न वापरले. अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये ड्रिलला रंग ढवळायची दांडी लावून घुसळायला घेतलं, तर वीस मिनिटांत ड्रिलमधून जळका वास आला. लगदा फार घट्ट होता. दुरुस्तीला 650 रुपये गेले. नंतर कळलं की आधी भरपूर पाणी घालून आंबिलीसारखं पातळ घुसळायचं, मग जुन्या मच्छरदाणीच्या कापडात बांधून पाणी निथळू द्यायचं आणि सिमेंट त्यानंतर घालायचं. सिमेंट घातल्यावर पाणी काढलं तर सिमेंटही त्याच्यासोबत जातं.

हातमोजे घाला, हे मी आधीच सांगते. मला वाटलं होतं, कणीक मळतो तसंच तर आहे. संध्याकाळी बोटांची टोकं लाल झाली, दुसऱ्या दिवशी सालपटं निघाली. ओलं सिमेंट कातडी खातं आणि खाताना दुखत नाही. चार दिवस सुई धरता आली नाही. रबरी मोजे साठ रुपयांना मिळतात.

पहिली लादी 24 इंचांच्या साच्यात घातली. नागपूरची डिसेंबरातली थंडी, ऊन कोवळं. लादी प्लॅस्टिकवर ठेवली होती, तिला बारा दिवसांनंतरही खालून पाझर. मग वरच्या गच्चीत पडलेली जुनी बाज काढली आणि लादी तिच्यावर टाकली. दोन्ही बाजूंनी वारा लागला तेव्हा कुठे ती वाळली. वाळल्यावर फीत लावली तर पावणेतेवीस इंच. इंचामागे थोडं थोडं म्हणत सव्वा इंच आटली होती. इथे मला माझंच काम आठवलं. सुती कापड आधी पाण्यातून काढल्याशिवाय आपण कापत नाही, आणि आटणार असेल तेवढं मार्जिन धरतो. मी सुताराकडून साचा सव्वापंचवीस इंचांचा करून घेतला. पुढच्या लाद्या चोवीसला अगदी दोरा कमी-जास्त निघाल्या. तुमचं मिश्रण वेगळं असेल तर तुमची आटही वेगळी असेल, म्हणून साचा करण्याआधी एक हातभर पट्टी घालून, वाळवून, मोजून घ्याच.

जानेवारीत सासूबाईंनी लक्ष घातलं. त्यांच्या हातची लगद्याने लिंपलेली सुपं आणि टोपल्या घरात अजून आहेत, तीस-तीस वर्षं जुन्या. ड्रममध्ये हात घालून त्या म्हणाल्या, "मेथ्या नाही टाकल्या? मेथ्याबिगर लगदा धरते का कधी?" पाव किलो मेथ्या रात्री भिजवून, वाटून त्यांनी स्वतः घातल्या. लगदा लोण्यासारखा झाला, साच्यात सुरेख बसला. पण सहा दिवस झाले तरी बोट दाबलं की खड्डा पडायचा. बाजूची बिनमेथीची लादी दुसऱ्याच दिवशी धरली होती. भाच्याला फोन केला तेव्हा उलगडा झाला. साखर, स्टार्च, असले चिकट पदार्थ सिमेंटला घट्ट होऊ देत नाहीत. टोपलीत सिमेंट नसतं, तिथे मेथीच डिंकाचं काम करते आणि किडीलाही दूर ठेवते. आईंचं शास्त्र टोपलीसाठी बरोबर होतं. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तो सहा दिवसांचा लगदा परत मागून घेतला. पण त्यात सिमेंट असल्यामुळे टोपलीला लावता आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

जानेवारीअखेर माझं माप ठरलं. कोरड्या वजनाने कागद एक भाग, सिमेंट एक भाग, राख अर्धा भाग. राख म्हणजे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रातली फ्लाय अ‍ॅश. त्या बाजूच्या एका राखेच्या विटा करणाऱ्याने दोन पोती शंभर रुपयांत दिली. राखेने लादीचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि सिमेंट थोडं कमी लागतं. वजनाने मोजा, घमेल्याने मोजू नका. ओला लगदा किती निथळला यावर घमेल्यातला कागद दुप्पट-निमपट होतो. मी भिजवण्याआधीच रद्दीचे 2 किलो 400 ग्रॅमचे गठ्ठे बांधून ठेवायचे. एक गठ्ठा म्हणजे एक लादी. दोन फूट बाय दोन फूट, चार सेंटिमीटर जाड. ओली लादी एकोणीस किलोच्या आसपास भरायची, पूर्ण वाळली की साडेसहा.

आता कागदपत्रांची गोष्ट. लाद्या टिनाखाली लोखंडी चौकटीत बसवायच्या होत्या. वरून टाकल्या तर पहिल्याच पावसात गेल्या असत्या. चौकट करणारे वेल्डरभाऊ स्पष्ट म्हणाले, "ताई, तीस लाद्यांचे दोनशे किलो होऊन राहिले. ज्याचा कागद नाही ते मी पोरींच्या डोक्यावर टांगत नाही." त्यांचं मला पटलं. एका कॉलेजच्या सिव्हिल विभागात बाहेरचे नमुने तपासून देतात असं कळलं. 17 फेब्रुवारीला गेले. प्राचार्यांच्या नावे अर्ज, दोन प्रती, आधारची झेरॉक्स, अर्जावर विभागप्रमुखांची सही. छापील फॉर्ममध्ये ठेकेदाराचं नाव, साईटचा पत्ता, काँक्रीटचा ग्रेड असे रकाने होते. मी 'स्वतः', 'राहतं घर', 'लागू नाही' असं लिहिलं. खिडकीवरून फॉर्म परत आला, कारण 'लागू नाही' चालत नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याला विचारून 'कागद-सिमेंट-राख मिश्रण, 1:1:0.5, वजनाने' असं लिहिलं, तेव्हा स्वीकारला. फी 1,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,770. पैसे ऑनलाइनच भरायचे, पण पावती छापून दुपारी तीनच्या आत लेखा विभागात दाखवायची. 24 तारखेला तेही झालं. मग परीक्षा लागल्या आणि लॅब बंद. 12 मार्चला चाचणी, 28 ला रिपोर्ट. अर्जापासून 39 दिवस. तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारीच्या आधी जा, आणि पंधरा सेंटिमीटरचे तीन ठोकळे महिनाभर आधी घालून ठेवा, कारण इतका जाड ठोकळा आतून वाळायला फार वेळ घेतो.

चाचणीच्या वेळी मला उभं राहू दिलं. काँक्रीटचा ठोकळा फाटकन फुटतो. माझा फुटलाच नाही. तो दबत गेला, जाड गादीसारखा. शेवटी ठरावीक दबल्यावरचा भार लिहून घेतला आणि रिपोर्टमध्ये 0.9 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आला. भिंतीच्या विटेपुढे हे काहीच नाही. म्हणून एक ठाम मत : या मालावर भार देऊ नका. तो पांघरूण आहे, खांब नाही. माझ्या कामाला दाबापेक्षा वाक महत्त्वाचा होता, आणि ती चाचणी घरीच केली. लादीची दोन टोकं दोन पाइपांवर ठेवली आणि मधोमध पाण्याचे डबे चढवत गेले. कोरडी लादी 35 किलोपर्यंत सरळ राहिली. तशीच दुसरी लादी रात्रभर पाण्यात ठेवून काढली, तर वीस किलोलाच पोट काढून खाली आली.

उष्णतेची खरी मोजणी मात्र मार्चमध्ये सुरू झाली. प्रयोगशाळेच्या पद्धतीने करायची तर आयएस 3346 हे मानक आहे, त्यात नमुन्याच्या दोन सारख्या पाट्या तापलेल्या सपाट प्लेटच्या दोन्ही बाजूंना ठेवतात. ते यंत्र मला कुठे सहज मिळणार नव्हतं. माझ्या क्लासला येणाऱ्या एका बाई भौतिकशास्त्र शिकवतात. त्या म्हणाल्या, 'लीज डिस्क', म्हणजे ली नावाच्या शास्त्रज्ञाची चकती वापरू. बीएस्सीच्या मुलांना हा प्रयोग असतोच. वर वाफेचं भांडं, मध्ये आपली चकती, खाली पितळेची जाड चकती, दोन थर्मामीटर. दोन्ही तापमानं स्थिर झाली की वाचायची, मग पितळेची चकती किती वेगाने थंड होते ते अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला लिहायचं, आणि त्यावरून आपल्या चकतीतून किती उष्णता गेली ते काढायचं.

मी 11 सेंटिमीटर व्यासाची, एक सेंटिमीटर जाड चकती नेली. हाताला खडखडीत कोरडी लागत होती. उष्णतावाहकतेचं उत्तर आलं 0.33. मी घरून 0.15 च्या आत येईल या आशेने गेले होते. रिक्षात बसून रडू आलं. तोवर सतरा लाद्या घालून झाल्या होत्या. पण बाईंनी एक गोष्ट केली होती, जी मी केली नसती. चकतीचं वजन त्यांनी प्रयोगाआधी आणि नंतर लिहून ठेवलं होतं. आधी 61 ग्रॅम, नंतर 55. म्हणजे सहा ग्रॅम पाणी तापून उडालं होतं आणि आत अजून असणार होतं. ती चकती मी टिनावर वाळवली. रोज सोन्या-चांदीच्या काट्यावर तोलायची. ओळखीचे सराफ तोलून देत. आठव्या दिवशी 43 ग्रॅम झाली आणि पुढचे तीन दिवस 43 च राहिली. पुन्हा प्रयोग केला : 0.13.

त्याच चकतीचा, त्याच मिश्रणाचा आकडा निम्म्याहून खाली आला. ज्या छिद्रांमध्ये हवा असायला हवी तिथे पाणी बसलेलं होतं, आणि पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहतं. हाताला कोरडी लागणं म्हणजे कोरडी असणं नव्हे. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक लादीच्या कडेला पेन्सिलने तारीख आणि वजन आहे. लागोपाठ तीन दिवस वजन हललं नाही की तीच कोरडी.

एप्रिलमध्ये गच्चीवर तीन खोकी मांडली. दीड फुटाची, प्लायची, पाच बाजूंना आतून दोन इंच थर्माकोल आणि वर झाकण टिनाचं. थर्मामीटर बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणले, 280 रुपयांना एक, वायरच्या टोकाला काडी असलेले. पहिले दोन दिवस तिन्ही खोक्यांना सारखंच झाकण ठेवलं. हे कंटाळवाणं वाटेल, पण करा. दोन नंबरचं खोकं सतत दीड अंशाने गरम दाखवत होतं. बर्फाच्या पाण्यात तिन्ही काड्या बुडवल्या तेव्हा दोष थर्मामीटरचा निघाला. जुनी टेप ताणली की सगळी मापं चुकतात, तसंच. मी त्या काडीवर '1.4 वजा' अशी चिठ्ठी चिकटवली.

9 एप्रिल, दुपारी अडीच. सावलीत 41. नुसत्या टिनाच्या खोक्यात 57. टिनाखाली तीन इंच जागा सोडून लादी लावलेल्यात 47. तिसऱ्यात थर्माकोलची तेवढीच जाड पाटी होती, तिथे 45. दुसऱ्या दिवशी झाकणं बदलून पाहिली. एका टिनाला वरून चुन्याचे दोन हात दिले, आत काहीच नाही. त्या खोक्यात 46! चार महिने मी लगदा कालवत होते आणि चाळीस रुपयांचा चुना जवळजवळ तेवढंच काम करत होता. पहिल्यांदा मन खट्टू झालं. मग चुना आणि लादी दोन्ही एकत्र लावून पाहिलं, तर 42, म्हणजे सावलीपेक्षा जेमतेम एका अंशाने जास्त. टिनाची खोली असणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी चुनाच मारायला सांगते. त्यात थोडा फेव्हिकॉल घाला म्हणजे लवकर धुपत नाही. तेवढ्याने भागलं तर लगद्याच्या नादी लागूच नका.

आणखी एक गोष्ट रात्री आठला दिसली. नुसतं टिन 33 वर आलं होतं, लादीचं खोकं अजून 38 वर. जी लादी दिवसा ऊन आत येऊ देत नाही, ती रात्री आतली गरमी बाहेरही जाऊ देत नाही. म्हणून संध्याकाळी खिडक्या उघड्या हव्यातच. त्या खोलीत रात्री झोपायचं असेल तर हा विचार आधी करा. माझी दुपारची बॅच सहाला सुटते, मला अडचण नव्हती.

आगीची परीक्षा मी गॅसवर घेतली, दार-खिडक्या उघडून, शेजारी पाण्याची बादली ठेवून. तुकड्याने ज्योत धरली नाही, नुसता काळा पडला. मला हायसं वाटलं आणि तो ओट्यावर ठेवला. चाळीस मिनिटांनी हात लावला तर चटका बसला. आतल्या आत शेणाच्या गोवरीसारखा धुमसत होता. बादलीत बुडवला तेव्हाच शांत झाला. म्हणून छताला लागून एकही उघडी वायर ठेवली नाही. सगळं पाइपातून, लादीपासून चार बोटं खाली. खालच्या बाजूला सिमेंटचा पातळ हात दिला. उधईसाठी बोरिक पावडर पाण्यात विरघळवून वाळलेल्या लाद्यांवर फवारली. लगद्यात ती आधीच घालू नका, मेथीसारखीच तीही सिमेंटला धरू देत नाही.

2 ते 5 मे, चार दिवस बसवण्याचं काम चाललं. वेल्डरभाऊंनी रिपोर्टची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवून घेतली. चौकटीचे मजुरीसकट 9,800 झाले. तीन पोती सिमेंट 1,140, रद्दी सगळी मिळून 1,540, साचा 900, ड्रिल, चाचणी, थर्मामीटर, जाळी, मोजे धरून एकूण खर्च 17,400 च्या घरात गेला. माझ्या मेहनतीचे दिवस त्यात धरलेले नाहीत. पीव्हीसी सीलिंगपेक्षा फार स्वस्त पडलं असं मी म्हणणार नाही.

21 एप्रिलला दुपारी दोनला बाहेर 42.5 असताना खोलीत, मशीनच्या उंचीला, 45.5 होते. लाद्या आणि चुना झाल्यावर मेच्या मध्यात बाहेर 40 असताना खोलीत 38. कूलर दोन्ही वेळा बंद. आकड्यापेक्षा मोठा फरक डोक्याला जाणवतो. वरून येणारी धग गेली. 19 मेपासून दुपारची बॅच पुन्हा सुरू केली, सात मुली आहेत.

त्याच महिन्यात अवकाळी पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या एका लादीवर ताटलीएवढा काळपट डाग दिसला. काढून तोलली : 9 किलो 100. टिनाच्या एका स्क्रूचं रबरी वॉशर उन्हाने तडकलं होतं. सगळे 64 वॉशर बदलले, प्रत्येकावर सीलंटचा थेंब दिला. चार लाद्या जास्तीच्या करून ठेवल्या होत्या, त्यातली एक तिथे बसवली. भिजलेली बाजेवर टाकली; अकराव्या दिवशी ती साडेसहा किलोवर आली, आणि कडेला नवी तारीख लिहून मी तिला जास्तीच्या लाद्यांमध्ये ठेवली.